चार नंबरच्या खोलीतला आरसा

मी आरसा बोलतोय. कल्याणात खाडीच्या अंगाला जुनं विश्रांतिगृह आहे ना, त्यातल्या चार नंबरच्या खोलीतला. भुताचा आरसा म्हणतात तो मीच. आधीच सांगून ठेवतो, माझ्यात भूतबित काही नाही. माझा पारा उडालाय, एवढंच. माणसाचे केस उडाले तर त्याला कुणी झपाटलेला म्हणतं का?

सागवानी चौकटीत मला बसवलं तेव्हा मी लख्ख होतो. इथे वऱ्हाडं उतरायची. नवऱ्या माझ्यासमोर बसून नटायच्या, करवल्या त्यांच्या डोक्यावरून माना लांब करून स्वतःलाच बघायच्या, आणि मामालोक पोट आत घेऊन मिशा पिळून जायचे. मी कुणाचं पोट कधी बाहेर सांगितलं नाही.

मग सरोजचं लग्न आलं. तिचे वडील दौलतराव घाटावरून मुलीकडचं वऱ्हाड घेऊन उतरले होते. नवरदेव कल्याणातला, तालेवार, बिजवर आणि मुलीच्या दुप्पट वयाचा. लग्नाच्या सकाळी सरोजने मुंडावळ्या सोडल्या, दाराच्या खिळ्याला अडकवल्या आणि खोलीच्या मागच्या दाराने ती निघून गेली.

घरच्यांना पळालेली मुलगी परवडणार नव्हती. मेलेली चालणार होती. दुपारपर्यंत सरोज खाडीत गेली असं ठरलंसुद्धा. प्रेत मिळालं नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही, दहावं-तेरावं यथासांग झालं. पुढे ओल चढून माझ्यावर पिवळे डाग पडले, तर म्हणे हळदीची नवरी दिसते. मग मला चादरीने झाकून ठेवलं. कित्येक वर्षं मी त्या फुलाफुलाच्या चादरीकडे बघत काढली, त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

आता मात्र मला चांगले दिवस आलेत. डोंबिवलीचा प्रणित दर रविवारी दुपारी लोकांना ‘झपाटलेलं कल्याण’ दाखवायला आणतो. येणारे सगळे शिकले-सवरलेले. भूत बघायला आलेला माणूस माझ्यासमोर आला की आधी केस सारखे करतो. मग घाबरतो, तेही फोन नीट धरून झाल्यावर. एका बाईंनी तर नवरी दिसली नाही म्हणून प्रणितला एकच स्टार दिला.

मागच्या रविवारी त्या घोळक्यात ठाकुर्लीची रुचिता नावाची कॉलेजातली पोरगी होती आणि सोबत तिची आजी. प्रणित रंगात आला होता.

“तर गाईज, सरोज इथेच नटली आणि इथून थेट खाडीत. बापाने असा हंबरडा फोडला ना...”

“बापाला खरंच वाटलं होतं का रे, ती मेली असं?” आजीने विचारलं.

“आजी, प्लीज मध्ये बोलू नका. सगळा माहोल जातो.”

“अरे, पण सरोज मीच आहे.”

दोघं-तिघं हसले. रुचिता हसली नाही. “आजी, काय बोलतेस तू?”

“खाडीत कशाला जाईन? ठाण्याला गेले. वागळे इस्टेटला बल्बच्या कारखान्यात लागले. तुझे आजोबा तिथेच भेटले मला.”

म्हणजे एक स्टेशन पलीकडे ठाकुर्लीला ही बाई मेथी निवडत बसली होती, आणि इथे लोक तिच्या नावाने किंकाळ्या फोडत होते.

प्रणितचा चेहरा पडला. तो तिच्या कानाशी लागला. “आजी, तुम्ही आहात हे चांगलंच आहे हो. पण ह्यांच्यासमोर नको ना. माझं सगळं ह्याच्यावरच चाललंय.” आणि घोळका घेऊन तो विहीर दाखवायला गेला. जिवंत बाईपाशी थांबायला एकाही माणसाला सवड नव्हती.

“मला एवढंच जाणून घ्यायचं होतं गं,” सरोज नातीला म्हणाली. “मी निघाले तेव्हा बाबा ह्या आरशासमोर फेटा बांधत होते. माझ्याकडे पाठ होती त्यांची. मग ते लवकरच वारले. मी मेले असं त्यांना खरंच वाटलं असेल, तर त्यांना मीच मारलं की.”

मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड नव्हतं. अशी चरफड माझी कधी झाली नव्हती.

“रुची, तू जरा मागच्या दाराने बाहेर जा. हळू जा.”

बाप उभा होता तिथेच सरोज उभी राहिली. रुचिता निघाली. माझा तेवढा कोपरा अजून शाबूत आहे. दार, उंबरा, पाठमोरी पोर, सगळं सरोजला माझ्यात दिसलं.

“दिसतंय की,” ती म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. तशीच बराच वेळ रडली.

दिसलंच होतं. दौलतरावांनी पोरीला जाताना पाहिलं, त्यांचे हात थांबले, आणि बांधून झालेला फेटा सोडून त्यांनी तो पहिल्यापासून बांधायला घेतला. बाहेरून कुणीतरी विचारलं, “मुलगी तयार झाली का?” ते म्हणाले, “अजून वेळ आहे.” दुपारी ती खाडीत गेली असं पहिल्यांदा म्हणाले, तेही तेच.

तेव्हा तुम्हीही इथे आलात तर खुशाल केस विंचरा, फोटो काढा, जमलं तर मला फडक्याने पुसा. भूत तेवढं मागू नका. पोरीला वाचवणारा बाप आणि तिला मेली म्हणून सांगणारा बाप, मी एकाच फेट्याखाली पाहिलाय. त्याच्यापुढे भूत मला काय घाबरवणार?