झाकण लावलेला डबा

धन्यकुमार अण्णांनी चित्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांची मुलगी स्वप्नाली दाराला टेकून उभी होती. मुंबईला चित्रकला शिकायला जायचं की नाही, ते आता त्या कागदावर ठरणार होतं.

पोरीच्या चित्रांबद्दल अण्णांची तक्रार नव्हती. धास्ती होती ती दिवस मावळल्यानंतरची. माधवनगरच्या त्या जैन घरात सूर्यास्तानंतर घास नाही की पाण्याचा घोट नाही. पुतण्या पारस पुण्याला शिकायला गेला आणि वर्षाच्या आत बिनदिक्कत रात्रीचं जेवू लागला. तेव्हापासून कुणी बाहेर जायचं नाव काढलं की अण्णांच्या कपाळाला आठी पडे.

चित्र कॉलेजच्या कोकण सहलीतलं होतं. काळे खडक, फुटलेली लाट, नुकताच सूर्य बुडालेल्या पाण्यावरचा तांबूस उजेड. खालच्या कोपऱ्यात, खडकावर, झाकण लावलेला स्टीलचा डबा.

"ह्यो डबा कुणाचा?"

"माझाच. उजेड जायच्या आत रंगवायचं हुतं, अण्णा. तवर दिस बुडाला. मग उघडलाच न्हाई."

"चित्रात झाकण लावायला काय जातंय?"

स्वप्नालीला वाटलं, याला साक्षीदार कुठून आणायचा?

आतून आईची, सुरेखाबाईंची, हाक आली. "आवं, ताट वाढलंय. दिस टेकलाय."

अण्णा 'आलो' म्हणाले, पण हलले नाहीत. हा खडक अजून ओला कसा दिसतो, त्यांनी विचारलं. लाटेला पांढरा रंग कुठला लावलास, तेही विचारलं. पांढरा लावलाच नाही, तिथं कागद कोरा सोडलाय, असं तिनं सांगताच त्यांनी चित्र आणखी जवळ घेतलं. रानातून येताना संध्याकाळ रोज बघणारा माणूस, आज पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता.

खिडकीबाहेर उसाच्या तुऱ्यांमागे सूर्य अर्धाच उरला होता. आता टोकलं तर चित्र खाली ठेवतील, हे तिला कळत होतं. तरी तिनं टोकलं.

"अण्णा, जेवून घ्या. दिस चाललाय."

"हं," ते म्हणाले. मान वर केली नाही.

कागदावरचं दिसेनासं झालं तेव्हा कुठं त्यांनी खिडकीकडं पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं. सुरेखाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

अण्णा उठले. स्वयंपाकघरात जाऊन वाढलेल्या ताटावर त्यांनी स्वतःच दुसरं ताट पालथं घातलं.

"मुंबईत आदी जेवत जा," ते पोरीला म्हणाले. "चित्र मग."