सुनेच्या पापांचा कुमसार

बाळकुमच्या कॉन्स्टन्सचा कुमसार ऐकणं म्हणजे पाद्रीबाबांच्या सहनशक्तीची परीक्षाच. बाकीची माणसं देवळातल्या लाकडी जाळीपाशी गुडघे टेकून आपापली पापं कबूल करत. कॉन्स्टन्स सुनेची पापं सांगे, आणि ती सांगताना तिला कधीच आठवायला लागत नसे.

त्या शनिवारी ती ठाण्याच्या देवळात शिरली तीच धुमसत. सून एमा पहिल्या बाळंतपणाला चरईला माहेरी गेलेली. मुलगी झाली, बाप्तिस्माही झाला. आता मासळीवाल्या आवडाबाईच्या तोंडी निरोप आला होता की, न्यायला सासूबाईंनी स्वतः यावं, दुसऱ्या कुणाला पाठवू नये. कॉन्स्टन्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता विहीणबाईंच्या दारात जाऊन नाक घासायचं! ती गेली नाही. मुलगा व्हॅलेरियन विनवण्या करून थकला आणि काल म्हणाला, तू जाणार नसशील तर मीच चरईला जाऊन राहतो. नातीला तिने अजून हातात घेतलं नव्हतं, आणि आता मुलगाही निघाला होता.

"सून गर्विष्ठ आहे, फादर," तिने सुरुवात केली. "माहेरी जाताना गाडीत बसली, पण मागे वळून बघितलं नाही. मला कस्पटासमान लेखते."

जाळीपलीकडून सुस्कारा आला. दुपारपासून बसून म्हाताऱ्या पाद्रीबाबांची कंबर धरली होती.

"बाई, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत?"

"तिची पाठ."

"आणि कस्पट कुठे दिसलं?"

मग पाद्रीबाबांनी जरा चिडूनच विचारलं की गरोदर बाईने बैलगाडीत बसून मान कशी वळवायची असते. त्यांनी प्रायश्चित्त दिलं तेही विचित्र. प्रार्थना नाही, उपास नाही. इथून थेट चरईला जायचं आणि वाटेत जे दिसेल, जे ऐकू येईल तेवढंच खरं मानायचं. पदरचं काही घालायचं नाही.

कॉन्स्टन्स वैतागली. त्यापेक्षा गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना परवडल्या असत्या. रस्त्यात ओळखीची हौसाबाई न बोलता पुढे गेली. बघा, हिलाही कळलंय! कॉन्स्टन्स थबकली. काय कळलंय? डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई गेली, एवढंच झालं होतं. चार पावलं जात नाही तोच मनाने पुन्हा काहीतरी पदरचं घातलं. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक काढत ती निघाली. एवढे खडे आपल्याच घरचे, हे पाहून तिला स्वतःचाच राग आला.

एमाचं माहेर देवळापासून हाकेच्या अंतरावर होतं, तरी कॉन्स्टन्सला पोचायला वेळ लागला. दार बंद दिसलं. मला पाहूनच लावलं असणार, असं मनात आलंच. दार बंद आहे, ती दातओठ खात स्वतःला म्हणाली, आणि तिने कडी वाजवली.

एमानेच दार उघडलं. कडेवर बाळ होतं. सासूला पाहून तिचे डोळे भरून आले.

"आलात? मला वाटलेलं, तुम्ही येणारच नाही. मुलगी झाली म्हणून तुम्हाला नातच नकोय. म्हणून म्हटलं, स्वतः या, तुमच्या तोंडाकडे बघून तरी कळेल."

कॉन्स्टन्सचा पारा चढला. "मी बोलले का गं तसं कधी?"

"नाही."

"कुणी सांगितलं?"

"नाही."

"मग तुला दिसलं तरी काय?"

एमाने मान खाली घातली. "तुमची पाठ. बाप्तिस्मा झाला, सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी या खिडकीतून बघत होते. तुम्ही देवळातून निघून परस्पर बाळकुमच्या रस्त्याला लागलात."

हात धरून जेवायला न्यायला कुणी आलं नाही म्हणून कॉन्स्टन्स त्या दिवशी रुसून गेली होती. खिडकीकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. ती ओसरीवर टेकली. मग सरकून एमाकडे तोंड केलं आणि नातीला घ्यायला हात पुढे केले.