पाचच्या पाच दांड्या

सासऱ्यांच्या सिमवाल्या राउटरवर मी घरून काम करतो. मीटिंगमध्ये माझा आवाज इतका तुटायचा, की साहेबांनी शेवटचं बजावलं: पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा.

म्हणून रविवारी मी राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, काढून दुसरं टाकलं. स्पीड तिप्पट झाला. तेवढ्यात सासऱ्यांनी राउटरच्या स्क्रीनवर नजर टाकली.

"जावईबापू, हे काय करून ठेवलंत? सिग्नलच्या पाच दांड्या होत्या, दोनच उरल्या."

"बाबा, आधीही दोनच होत्या. कंपनी उगाच पाच दाखवायची."

"म्हणजे चार वर्षं कंपनी मला फसवत होती, आणि तुम्हाला ते एका दुपारी कळलं?"

अगदी तसंच झालं होतं, पण जावयानं हो म्हणायची सोय नसते. मी गपचूप एक व्हिडिओ लावला. तो कुठेही अडकला नाही.

"छान चालतंय की," सासूबाई म्हणाल्या.

"सिग्नल नसताना चालतंय," सासरे म्हणाले. "तीच तर भीती आहे."

सोमवारी सकाळीच ते दुकानात जाऊन जुनं फर्मवेअर टाकून आले. दुपारच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडं ठेवून गोठलो, आणि सासरे बाजूला बसून समाधानानं दांड्या मोजत होते.

आता मी शेजाऱ्यांच्या राउटरवर नवं फर्मवेअर टाकून दिलंय आणि त्यांच्या दारात, जिन्यावर बसून नोकरी वाचवतोय. त्यांच्याकडे दोनच दांड्या दिसतात. सासऱ्यांना त्यांची फार कीव येते.