हिरवी वायर

गीझर चालू करून शॉवरच्या नळाला लावलेल्या टेस्टरचा दिवा लागला आणि यज्ञेश्वररावांचा चेहरा उतरला.

टेस्टर धरणारा त्यांचाच जुना विद्यार्थी होता. टावर चौकाजवळ त्याचं दुकान होतं. यज्ञेश्वरराव उज्जैनच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवून निवृत्त झालेले. अर्थिंगवर ते तासन् तास बोलत.

सकाळी माहेरपणाला आलेली त्यांची लेक मधुरा शॉवरखालून किंचाळत बाहेर आली, आणि तासाभरात हा विद्यार्थी घरी हजर. त्यांची बायको अहल्याबाई मात्र हेच दीड वर्ष सांगत होत्या. नळाला हात लावला की झनझन होतं म्हणायच्या. "वहम आहे तुझा," यज्ञेश्वरराव म्हणाले होते, "शुगरनं नसा कमजोर झाल्यात." डॉक्टरांपुढेही त्यांनी तेच सांगितलं आणि बाईंना नसांच्या गोळ्या सुरू झाल्या. स्वतः ते रबरी चपला घालून आंघोळ करायचे, त्यांना शॉक काय लागणार? बाईंना न्हाऊन थेट देवापाशी जायचं, म्हणून त्या अनवाणी. नळाला टेस्टर लावून बघायलाही हे कधी खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटी बाईंनी सांगणं सोडलं, गीझरही सोडला. ऐन पौषात गार पाण्याचे तांबे अंगावर घेऊ लागल्या.

विद्यार्थ्यानं बटण बंद करून गीझरचा प्लग उघडला. आत अर्थिंगची हिरवी वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळलेली होती.

ती यज्ञेश्वररावांनीच कापली होती. गीझर आणला त्या दिवशी तीन पिनांचा प्लग जुन्या सॉकेटमध्ये बसेना. उद्या सॉकेट बदलू, असं म्हणून त्यांनी दोन पिनांचा लावून टाकला. तो उद्या काही उजाडला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"सर, किसी अनाड़ी का काम है," विद्यार्थी म्हणाला. "अर्थिंग ही काट दी. आंटीजी की जान जा सकती थी. किसने लगाया था?"

दारात उभ्या अहल्याबाईंनीच उत्तर दिलं. गीझर कोणी बसवला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कोई मिस्त्री आया था, भैया. नाम याद नहीं."

त्यानं त्या मिस्त्रीला दोन शिव्या हासडल्या. "आपका पढ़ाया हुआ तो नहीं होगा, सर," असं म्हणून तो हसत पाया पडायला वाकला. यज्ञेश्वररावांनी पाय मागे घेतले.

"मिस्त्री नहीं था," ते म्हणाले. "मैंने लगाया था."

वाकलेला तो तसाच थांबला. मग सरळ होऊन नवं सॉकेट आणायला निघून गेला.

"कशाला सांगितलंत त्याला?" अहल्याबाईंचा आवाज दीड वर्षात पहिल्यांदा चढला. "तुम्हाला किती मानतो तो." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

आपण हिला खोटं पाडलं आणि आजही ही आपलीच लाज राखते आहे, हे कळून यज्ञेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना माफी मागायची होती. पण बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि तो परत येईल म्हणून चहाचं आधण ठेवायला त्या आत गेल्या.