माणूस घेतलेली विहीर

मारुतीपुढच्या फरसबंदी पटांगणाला पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि घरात एक एम. ए. झालेली सून आहे म्हटल्यावर ते काम आपसूक शीतलच्या गळ्यात पडलं. सासरे काकासाहेब उत्सव समितीचे अध्यक्ष, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. पुढाऱ्यांचे फोटो, जाहिराती, शुभेच्छा सगळं वेळेत छापून झालं. पटांगण कुणी आणि कशासाठी बांधलं, हे पान तेवढं कोरं राहिलं. म्हाताऱ्यांना विचारावं तर ते तंबाखू मळायला लागायचे.

म्हणून ऐन उत्सवाच्या दिवशी ती जालन्याच्या वाचनालयात जुनी साप्ताहिकं चाळत बसली होती. नवरा रामप्रसाद तिथल्याच मस्तगड भागातल्या छापखान्यात त्या एका पानासाठी खोळंबला होता. तिकडे गावात मिरवणुकीचा डीजे सुरूही झाला होता. जावेनं व्हिडिओ पाठवला होता. पटांगणाच्या मधोमध जनरेटरसकट ट्रक उभा, पुढे सारं गाव नाचतंय आणि त्यात तिची पाच वर्षांची तृप्ती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या गठ्ठ्यात गावाचं नाव दिसलं तेव्हा शीतल खूश झाली. मग तिनं बातमी वाचली. मारुतीसमोरच्या कोंडाई विहिरीचा कठडा ढासळून पाणी शेंदणाऱ्या दोन बायका बुडाल्या होत्या. ग्रामस्थांनी विहिरीवर सागाची नाटं आडवी टाकून वर फरशी अंथरली आणि तोंड बंद केलं. पाऊसकाळ झाल्यावर विहीर बुजवण्यात येईल, असं खाली लिहिलं होतं.

ती पुढचे अंक भराभर उलटत गेली. बुजवल्याची बातमी कुठंच नव्हती. दोन वर्षांनंतर एकदम फोटोच होता: मारुतीसमोर प्रशस्त पटांगण, फेटेवाले पुढारी, नारळ.

पावसाळ्यात सगळ्या गावात चिखल होई, पण पटांगणात पाणी कधी ठरत नसे. लोक त्याला मारुतीची कृपा म्हणत. ते पाणी पन्नास वर्षं कुठं जात होतं, ते आता तिला कळलं. त्या पाण्यानं लाकडाचं काय झालं असेल, हे सांगायला एम. ए. व्हायची गरज नव्हती.

तिनं सासूला, तुळजाबाईंना फोन लावला. मागे धाडधाड चालली होती.

"आत्याबाई, तृप्तीला घेऊन आधी घरी जा. सगळ्यांनाच तिथून हलवा."

"काय म्हणून राह्यलीस? ऐकू येत न्हाई."

"पटांगणाखाली विहीर आहे. कोंडाई विहीर."

पलीकडे डीजेचा आवाज जरा लांब गेला. मग सासूचा आवाज बारीक होऊन आला. "कुणी सांगितलं तुला ते नाव? माणूस घेतलेल्या विहिरीचं नाव काढू न्हाई. आज तर बिलकुल न्हाई." आणि फोन बंद.

म्हणजे म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. नाव घेतलं तर ती पुन्हा माणूस मागते म्हणून त्यांनी तोंडं शिवून घेतली. पुढच्या पिढीनं त्याच जागी ट्रक आणून लावला, आणि तरी कुणाचं तोंड उघडलं नाही. शीतलला राग आला, पण भीतीपुढे तो टिकला नाही.

काकासाहेबांनी निदान ऐकून घेतलं. "बुजवली आसंल कवाच. मी तवा ल्हान व्हतो. पेपरात कायबी येतं, तू पान घेऊन ये जल्दी." पुन्हा लावला, तर त्यांनी उचलला नाही.

जालन्याहून गाव तासा-दीड तासाच्या वाटेवर. तिथं पोचेपर्यंत काहीही होऊ शकत होतं. डोळ्यांसमोर तृप्तीच्या पायाखालची फरशी येत होती.

गावातला डीजे कशानं थांबतो? पावसानं नाही, पोलिसांनी नाही. मयतीनं थांबतो. पण कुणाची मयत सांगणार? सारं गाव एकमेकांच्या डोळ्यांसमोर नाचत होतं. गावाबाहेर दोघंच होते, ती आणि रामप्रसाद. आणि आपण मेलो असं आपणच फोनवर कसं सांगणार?

तिनं काकासाहेबांना पुन्हा फोन लावला. लावतच राहिली. एकदाचा त्यांनी उचलला.

"मामा," ती म्हणाली. हात गळ्यातल्या काळ्या पोतीवर गेला. "मामा, हे गेले. ट्रकनं उडवलं."

काकासाहेब काहीतरी ओरडले आणि डीजे मध्येच तुटला. मग एका बाईचा हंबरडा आला. तो तुळजाबाईंचा होता. पाठोपाठ घराकडे धावणारे पाय, हाका, आणि कुठूनतरी तृप्तीचं रडणं. शीतलनं फोन बंद केला.

वाचनालयाच्या ग्रंथपालांनी तिचे शब्द ऐकले होते. ते पाणी घेऊन आले. खरंच यांना काही झालं तर? आपल्या तोंडून निघालेलं लागलं तर? तिनं रामप्रसादला फोन केला आणि त्याचा आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

"रस्त्यावर येऊ नका. छापखान्यातच बसा. गावाकडचा फोन उचलू नका."

"का? काय झालं?"

"मी तुम्हाला मारलंय."

बराच वेळ गेला. मग काकासाहेबांचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. पटांगण रिकामं झालं म्हणून ड्रायव्हरनं ट्रक मागं घेतला, तर मागची चाकं फरशीसकट खाली गेली. ड्रायव्हर उडी टाकून वाचला. "दगड पडल्याला आवाज येतच राह्यला पोरी, येतच राह्यला. आमी समदे तुझ्या दारात व्हतो म्हणून."

"मामा," शीतल म्हणाली, "हे जिवंत आहेत. मी खोटं बोलले."

कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला. रडून घोगरा झालेला श्वास ऐकूनच शीतलनं सासूला ओळखलं. आता ज्या शिव्या येतील त्या आपल्याच, असं म्हणून तिनं डोळे मिटले.

"दोघंबी या," तुळजाबाई म्हणाल्या. "पर दारातून आधी त्याला येऊ दे. मला बघू दे."