कोट न काढणारा पाहुणा

माणूस दारातून आत आला की तो काय खाणार आणि काय टाकून जाणार, हे सरिता खुर्ची ओढेपर्यंत ओळखायची. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमधल्या तिच्या खानावळीत इंजिनिअर मंडळींनी तिला बऱ्यापैकी सराव दिला होता. पण त्यांच्यातल्याच मयुरेशचा हिशेब आज लागत नव्हता. आत हीटर चालू, बाकीचे बाह्या सरसावून बसलेले, आणि हा गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून, डावा हात बरगडीशी दाबून उभा. खुर्ची दिली तर म्हणे, "उभाच बरा आहे."

खंडेनवमीचं जेवण होतं. पूजेच्या चौरंगावर व्हर्नियर कॅलिपर, नट-बोल्टचे पाने, कुणाचा तरी लॅपटॉप आणि सरिताची विळी, सगळ्यांना हळदकुंकू. पहिल्या टेबलाशी वरच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण फ्राऊ क्राउझे. मागच्या महिन्यात इमारतीतल्याच शेजारच्या बारमध्ये चाकू निघाला, तेव्हापासून बाई जिन्यावर भेटली की एकच सांगायची, इमारतीत पुन्हा असं काही झालं तर जानेवारीत करार वाढणार नाही. म्हणून तर सरिताने दारावर पाटी लावली होती: कुठलंही हत्यार आत आणू नये.

"अहो," ती काउंटरमागे नवऱ्याला म्हणाली, "त्याच्या कोटात काहीतरी आहे."

प्रतापने भाताचा डाव थांबवला. "पोटात असेल. दोन दिवस उपाशी राहून येतो तो आपल्याकडे."

"थट्टा नको. झडती घेऊ?"

"झडती घ्यायला तू पोलीस आहेस का? हाउसरेख्त आहे तुझा. जागा तुझी, नियम तुझा. दाखव म्हण, नाहीतर जा म्हण. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही."

सरिताने मयुरेशला कोट टांगायच्या कोपऱ्यात गाठलं. "मयुरेश, कोट काढा."

"थंडी वाजतेय, ताई."

"घाम आलाय तुम्हाला."

त्याने कॉलर आणखी वर ओढली.

"मग घरी जा. जेवण डब्यात देते."

तेव्हा त्याने दोन बटणं सोडली. आत पंच्यात गुंडाळलेली कट्यार. आजोबांची. बाबांनी मागच्या खेपेला सामानातून आणलेली.

"इथे? माझी पाटी वाचली नाहीत?"

"वाचली ना. म्हणून तर लपवली." त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "ग्रुपवर तुम्हीच लिहिलंत, पूजेला घरातली हत्यारं, अवजारं, जे असेल ते आणा."

सरिताला आठवलं. पुण्याच्या बहिणीकडून आलेला निरोप तिने जसाच्या तसा पुढे ढकलला होता. आतलं आमंत्रण तिचं, बाहेरची बंदीही तिचीच.

"चूक माझी," ती म्हणाली. "पण ही आत राहणार नाही. आपल्या जुन्या गल्ल्याच्या पेटीत ठेवा, कुलूप लावा, घरी ठेवून या. तुमचं पान मांडून ठेवते."

मयुरेश पेटी काखेत मारून निघाला. फ्राऊ क्राउझेचे डोळे त्याच्या पाठीवर. "काय होतं?"

खोटं बोलावंसं सरिताला फार वाटलं. "कट्यार. पूजेसाठी. मी बाहेर पाठवली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाली, आणि तिने समाधानाने पर्स थोपटली. "मी घाबरले नव्हते. माझ्याकडे कायम हा असतो." तिने पेपर स्प्रे काढून कढीच्या वाटीशेजारी ठेवला.

प्रताप काउंटरमागून मान हलवत होता: नको, नको. स्प्रे बाळगायला कायद्याने मनाई नाही, हे सरितालाही ठाऊक होतं. आणि जानेवारीही ठाऊक होता. पण दाराबाहेर मयुरेश अजून पेटी सावरत होता, काचेतून बघत.

"फ्राऊ क्राउझे, पाटी सगळ्यांसाठी आहे. हाही वर ठेवून या."

"मी मालकीण आहे."

"इमारतीच्या. या खोलीचं भाडं मी देते, तोवर इथला नियम माझा."

बाईने स्प्रे पर्समध्ये टाकला, नॅपकिनची नीट घडी केली आणि निघून गेली. जिन्यावर पावलं वाजली, वरचं दार लागलं.

"लागली वाट," प्रताप म्हणाला.

सरिताने दोन्ही पानं झाकून ठेवली. वाढताना तिचा कान जिन्याकडे होता. मयुरेश परतला, कोट काढून शर्टात बसला, तिसरी पुरणपोळी संपवली, तरी वर सामसूम.

मग पावलं वाजली. फ्राऊ क्राउझे दारात थांबली आणि विमानतळावर करतात तशी पर्स उघडून सरितासमोर धरली. आत चष्मा, किल्ल्या, रुमाल.

"आल्झो, चला तर," ती म्हणाली, "माझी कढी गार झाली असेल."

कराराचा विषय तिने काढला नाही. सरितानेही नाही. पण पर्समध्ये डोकावायचं मात्र तिने सोडलं नाही.