बेंबीपाशी एक टाका

मी एक जुनी दुर्बीण आहे, पण मित्रांनो, मी चंद्र कधी पाहिला नाही. मी माणसांची पोटं पाहिली, तीही आतून.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हातभर लांब, करंगळीएवढी जाड नळी, आत काचेच्या कांड्या, मागे कॅमेरा आणि दिव्याची तार. नव्वदीच्या अखेरीस मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात आले. डॉक्टर प्रभाकरराव बेंबीपाशी छोटं छिद्र करून मला आत सोडत आणि मला दिसेल ते टीव्हीवर पाहत ऑपरेशन करत. पोट न फाडता ऑपरेशन होतं म्हणून लोक लांबून येत. हर्षा सिस्टर मला औषधात बुडवायची, पुसायची, मऊ कापडावर निजवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

माझी गोष्ट सलग नाही. दिवा लागला की मला दिसतं, तेही वाटोळ्या चकतीएवढंच. दिवा गेला की फक्त ऐकू येतं. म्हणून तुकड्यातुकड्यांनी सांगते.

○ उजेड.

लालभडक आतडं. सुजलेलं, रबराच्या नळीसारखं कडक. एका जागी वाट इतकी अरुंद की अन्न पुढे जाईना. बाईचं नाव कोकिळा, राहणार नाचणगाव. आधी टीबी समजून तिला महिनोन् महिने टीबीची औषधं दिली होती. हा आजार वेगळा होता. त्याला क्रोन्स म्हणतात. तो आतड्याला आतून खातो, आणि खराब भाग कापला तरी पुन्हा येऊ शकतो. म्हणून गोळ्या सोडायच्या नसतात.

तो भाग कापून बेंबीपाशीच्या छिद्रातून बाहेर काढला. वर एक टाका. आजूबाजूला मुंगी चावल्यासारखे दोन-तीन ठिपके. मला वाटलं, किती सुबक.

○ अंधार.

आमच्याकडे एक रीत होती. कापलेला तुकडा ताटलीत घेऊन डॉक्टर दारात जात आणि नातेवाइकांना दाखवत. दारात कोकिळाचा नवरा हेमराज उभा होता. त्याचं कापडाचं दुकान.

"पाहा," डॉक्टर म्हणाले.

"पाह्यलं डॉक्टरसायेब, पाह्यलं."

"डोळे उघडून पाहा ना भाऊ," हर्षा म्हणाली.

"उघडेच आहेत म्हना ना," हेमराज म्हणाला, आणि भिंत धरून खाली बसल्याचा आवाज आला. सगळे हसले. मीही हसले असते.

○ उजेड.

मधे पाचेक वर्षं गेली. कितीतरी पोटं आली आणि गेली. मग एक दिवस आत शिरले आणि ओळखीचं आतडं दिसलं. जिथे प्रभाकररावांनी जोड दिला होता, तिथेच आजार परतला होता. आतडी एकमेकांना चिकटलेली, जखमा, पू. आणि पोट किती रिकामं, मित्रांनो. चरबीचा थेंब नाही.

पण आत शिरण्याआधी मी काही ऐकलं होतं. ते आधी सांगायला हवं.

○ अंधार.

टेबलावर कोकिळा जागी होती. हर्षा तिच्या हातात सुई लावत होती.

"गोळ्या काऊन सोडल्या, ताई?"

"घरच्यांनी बंद केल्या."

"का बरं?"

"घरी गेली तं सासूबाईनं आंघोळीच्या वक्ताले टाका पाह्यला. बेंबीपाशी. आमच्या गल्लीतल्या बायांले सगळ्यांले तसाच टाका आहे, सिस्टर. कॅम्पातला. पोरं बंद कराचा."

हर्षाने चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

"मले एकच पोरगी, सपना. त्याईले नातू पायजे होता. म्हने, आतड्याचं नाव सांगून तू गुपचूप नसबंदी करून आली. ह्या गोळ्याही त्याच्याच असतीन, म्हने. फेकून देल्या."

"अन् भाऊ?"

"त्याईनं सांगतलं, आतड्याचं होतं म्हून. माय म्हने, तू पाह्यलं का आपल्या डोयानं? तं गप्प झाले. डोये मिटले होते ना तवा." ती हसली. हसताना तिला कळ आली. "पोट दुखलं की म्हनत, केलं ते भोग. बाया पानी भरताना बोलत नोहत्या माह्यासंग."

मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टरसायेब, या टायमाले मोठं कापा. दिसलं पायजे."

"लहान छिद्रातून होत असताना मोठं कशाला कापू, बाई?" प्रभाकरराव म्हणाले.

ती झोपली.

○ उजेड.

आतडी सोडवताना खूप वेळ गेला. मधेच हर्षा म्हणाली, "सर, बाहेर सासू आहे. दारात तुकडा दाखवण्यापेक्षा तिला आत बोलवा."

"ऑपरेशन चालू असताना?"

"टीव्हीवर पाहू द्या. नाहीतर ही परत त्याच घरी जाईल."

प्रभाकरराव थांबले. "टोपी घाला त्यांना. पायात चपला नकोत."

सासू, सुलोचनाबाई, आत आल्या. मी चकती स्थिर धरली, म्हणजे धरणाऱ्या हाताने धरली. आयुष्यात कधी नाही इतकं मला स्वच्छ दिसावंसं वाटलं.

"हे काय आहे?"

"तुमच्या सुनेचं आतडं. हा जुना जोड. या जखमा."

"अन् ते कॅम्पातलं?"

डॉक्टरांनी मला खाली वळवलं. "ही गर्भाची पिशवी. या नळ्या. कुणी हात लावलेला नाही."

सुलोचनाबाईंची पावलं टीव्हीजवळ सरकली.

"काऊन सांगतलं नाई इनं मले?"

"सांगितलं होतं, बाई," हर्षा म्हणाली.

काम संपेपर्यंत सुलोचनाबाई हलल्या नाहीत.

○ अंधार.

हर्षा मला पुसत होती. वॉर्डातल्या आनंदाबाई येऊन सांगू लागल्या. "तुह्या पेशंटची सासू सकायपासून बोलून राह्यली. नाचनगावच्या बाया भेटाले आल्या तं म्हने, बाई हो, म्या माह्या डोयानं पाह्यलं. आतडं सडलं होतं तिचं. ते खरंच सांगत होती. म्याच गावभर खोटं सांगतलं."

"अन् कोकिळाताई?"

"भिंतीकडं तोंड करून पडली होती. मले वाटलं झोपली. मंग हळूच सासूले म्हने, आत्याबाई, आनखी एकदा सांगा."

○

त्यानंतर आतला जोड सुटला. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या अंगात टाके धरायची ताकद नव्हती. प्रभाकररावांनी तिचं पोट उघडलं, या वेळी मोठं. मी बाजूला ताटात होते. तिने मागितलेला व्रण तिला मिळाला, पण तो दाखवायला ती जिवंत घरी गेली नाही.

○ उजेड, थोडासा.

आता माझ्या एका काचेला तडा गेला आहे. चकतीचा अर्धा भाग काळा दिसतो. चंद्र असाच दिसत असेल का, कोण जाणे. शिकाऊ डॉक्टर मला एका खोक्यात घालतात आणि टीव्हीवर पाहत चिमट्याने हरभऱ्याचे दाणे उचलायला शिकतात. हर्षा अजून येते आणि जाताना मला पुसून ठेवते. माझी तक्रार नाही.

फक्त एवढंच मागते, मित्रांनो. घरात कोणी पोट धरून बसलं, तर त्याच्या अंगावर खूण शोधू नका. गोळी घेतली का, ते विचारा. पोटात शिरायला दुर्बीण लागते. माणूस सांगतो ते खरं मानायला लागत नाही.

दिवा गेला. सांगा, मी ऐकते आहे.